दारूवरचं औषध

माझा धाकटा भाऊ जोतिराम रक्ताची उलटी करून कॉटवर पडला होता आणि आमची आई डॉक्टरांना सांगत होती, "दारू पिला, त्यावर औषध घेतलंया."

झालं. औषध घेतलं म्हणजे पिकावर फवारायचंच, हे सोलापूरच्या डॉक्टरला वेगळं सांगावं लागत नाही. त्यांनी पोट धुवायची नळी मागवली. सिस्टर पोलिसांना कळवायला निघाली.

"कुठलं औषध?" डॉक्टरांनी विचारलं. "बाटली आणलीय का?"

"मला काय ठावं? सूनच देती की," आई म्हणाली.

भावजय पूनम भिंतीला चिकटून उभी. तिकडे नळीला जेल लावून झालं होतं आणि ही जमिनीकडे बघत होती. माझं तोंड आधीच फटकळ, त्यात भाऊ जातोय की राहतोय या भीतीनं जीव गोळा झालेला.

"मिठाची गुळणी धरलीस व्हय गं? बोल की."

तिनं कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. "औषध म्हंजे हीच, वन्सं. अंगदुखीची गोळी."

डॉक्टरांनी पट्टी वाचली आणि नळी बाजूला ठेवली. "आत जखम वाहत असताना विष समजून ही जाड नळी घातली असती, तर..." जोतिरामला दुर्बिणीच्या तपासणीला नेलं.

बाहेर बाकावर मी त्याला आणि त्याच्या दारूला शिव्या घालत बसले. रडू येऊ नये म्हणूनच घालत होते.

शेवटी डॉक्टर आले. "रक्त थांबलंय. वाचेल."

आईनं पदर डोळ्यांना लावला.

"पण नुसत्या दारूनं एवढं झालं नसतं," डॉक्टर म्हणाले. "दारू जठराचं अस्तर भाजते. रक्त नीट पोचत असेल तर तेच आतलं आम्ल वाहून नेतं, जखम भरतं. ही गोळी तिथला रक्तपुरवठा कमी करते. मग दारूला रान मोकळंच."

"सकाळी डोस्कं धरून बसायचे वो," पूनम म्हणाली. "कामाचा खाडा पडू ने म्हणून उठल्या उठल्या द्यायची मी."

"उपाशीपोटी?"

"व्हय."

"कधीपासून?"

ती माझ्याकडे बघायला तयार नव्हती.

"लगीन झाल्यापासून. एक दिस चुकू दिला न्हाय."