वस्तादाचं जेवण कमी पडलं

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्याला सगळे वस्ताद म्हणायचे, आणि तो म्हणवून घ्यायचा. का घेऊ नये? सत्तावीस वर्षं, रोज तीनशे माणसांचं जेवण, दुपारी बाराच्या ठोक्याला तयार. एक दिवस उशीर नाही, एक दिवस कमी पडलं नाही. जेवण कमी पडणं हा त्याच्या लेखी चोरीपेक्षा मोठा गुन्हा होता.

या सगळ्या कर्तबगारीचं मूळ म्हणजे त्याचा लाल रस्सा. सकाळी सातला कांदा, टोमॅटो, लसूण, मिरची, वर सढळ हातानं तेल, आणि ते भलंमोठं पातेलं रटरटत ठेवायचं. भाज्या वेगळ्या उकडून ठेवायच्या आणि अकरा वाजता त्यात लोटायच्या. सोमवारी फ्लॉवर, मंगळवारी दुधी, बुधवारी गाजर-वाटाणा. भाजी रोज वेगळी, रस्सा तोच. लोक बोटं चाटत जेवायचे, त्यामुळे यात काही चुकतंय असं त्याला सांगणार कोण?

घरात मात्र त्यानं कधी डाव धरला नव्हता. बायको त्याला स्वयंपाकघरात उभंच करायची नाही. "तुम्ही कांदा परतायला घेतलात की तीन घरं शिंकतात," असं तिचं म्हणणं. मग तिला कावीळ झाली. पित्ताशयात खडे निघाले. कावीळ उतरली, पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. बावन्न किलोची बाई बेचाळीसवर आली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "खडे काढायलाच हवेत. पण पंचेचाळीस किलो भरल्याशिवाय मी हात लावणार नाही. सहा आठवडे देते. तेल अगदी नावाला, तिखट बंद. आणि मध्येच पुन्हा कळ उठली, तर अवघड होईल."

"त्याची काळजी तुम्ही करू नका," वस्ताद म्हणाला. "खायला घालणं हा माझा धंदा आहे."

तेल नको, तिखट नको, ठीक आहे. त्यानं तेल आणि तिखट वगळून लाल रस्सा केला. पहिल्या दिवशी दुधी, दुसऱ्या दिवशी फ्लॉवर. बायकोनं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"काल केलेलंच का उरवून ठेवलंत?"

"काल दुधी होता! हा फ्लॉवर आहे."

"मला तर दोन्ही सारखंच लागलं."

"तोंडाला चव नाही तुझ्या, म्हणून."

तिला ते झोंबलं. अंगात त्राण नव्हतं, पण जिभेला धार होती. "बसा इथं. डोळे मिटा," ती म्हणाली. तिनं शेजारणीनं आणून दिलेल्या डब्यातली नुसती उकडलेली एक फोड आणि नंतर त्याच्या रश्शातली एक फोड त्याला भरवली. "ओळखा."

वस्तादानं चघळलं. पुन्हा चघळलं. "पहिला बटाटा," तो म्हणाला, "आणि दुसरा... दुसरा रस्सा."

"पहिला नवलकोल होता. आणि रस्सा कुठली भाजी असते का हो?"

सत्तावीस वर्षं! पोत्यांनी नवलकोल कापला होता या माणसानं, पण नुसता म्हणून कधी तोंडात टाकला नव्हता. वस्तादाचं तोंड एवढंसं झालं. ताट उचलून तो मोरीपाशी गेला आणि भांडी उगाच जोरात आपटत राहिला. राग बायकोचा नव्हता. भीती वाटत होती. खायला घालणं हे जगातलं एकच काम त्याला येत होतं, आणि तिच्यासाठी तेच जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीन सुटल्यावर तो कोपऱ्यावरच्या भाजीवालीपुढे उभा राहिला. सवयीनं तोंडातून निघालं, "वाटाणा दहा किलो."

"काका, घरी लग्न काढलंय की काय?" ती हसली. मग त्याचा चेहरा बघून तिनं तराजू खाली ठेवला. त्यानं सगळं सांगितलं. नवलकोलाचंही सांगितलं, मान खाली घालून. तिनं ढिगातून एक शेंग उचलली, टचकन मोडली आणि दाणे त्याच्या तळहातावर ओतले.

"खा आधी. आज सकाळचा तोडा आहे. हंगामातला वाटाणा आहे, काका, त्याला तुमच्या मसाल्याची काय गरज? आणि उकडून ठेवू नका. जेवायच्या वेळी करा."

वस्तादानं भर रस्त्यात कच्चा वाटाणा खाल्ला. गोड होता. साखर घातल्यासारखा नाही, आपला आपण गोड. त्याला आश्चर्य वाटलं आणि लाजही वाटली. पाव किलो शेंगा घेऊन तो घरी आला.

लहान पातेलं त्याच्या हातात खेळण्यासारखं दिसत होतं. चमचाभर तेल, त्यात ठेचलेली एक लसणाची पाकळी, वर वाटाणा, मीठ. झाकणावर थोडं पाणी. झालं. एवढंच? त्याचा हात मसाल्याच्या डब्याकडे गेला. मागे घेतला. पुन्हा गेला. शेवटी त्यानं डबा उचलून माळ्यावर टाकला, आणि शिडी बाहेर नेऊन ठेवली. तीनशे माणसांचा स्वयंपाक करताना न फुटलेला घाम त्या मूठभर वाटाण्यापुढे फुटला. दाणे हिरवेगार होते तोवरच उतरवले, मऊ भाताशेजारी वाढले आणि तो दाराशी उभा राहिला.

बायकोनं एक घास घेतला. मग दुसरा. मग ती नुसती जेवत राहिली. ताट पुसून झाल्यावर तिनं वर बघितलं.

"आणखी आहे?"

पातेलं रिकामं होतं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा वस्तादाचं जेवण कमी पडलं होतं, आणि तो वेड्यासारखा हसत होता. "नाही! संपलं!" असं त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारीण खिडकीत आली.

त्यानंतर घरात रोज नवा धडा. गाजर किसून वर लिंबू पिळलं, ते तिला आवडलं. पालक त्याच्याच पाण्यात शिजतो हे ऐकून वस्तादानं विश्वास ठेवला नाही, वाटीभर पाणी ओतलं, आणि दोन दिवस पालकाचं सूप पीत बसला. मुळ्याचा पाला तो कॅन्टीनमध्ये सरळ फेकून द्यायचा, बायकोनं अंथरुणातूनच दटावलं, "चिरा तो बारीक. फेकलात तर बघा!" पुढे ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायला लागली. "झाकण काढा. आता ढवळू नका. अहो, भाजी आहे ती, सिमेंट नाही." तीनशे माणसांचा वस्ताद निमूट ऐकायचा. भाजीच्या निमित्तानं डाळ जायला लागली, दही जायला लागलं, भात वाढत गेला. कॅन्टीनमध्येही बुधवारचा गाजर-वाटाणा रश्शातून बाहेर निघाला. पहिल्या दिवशी कामगारांनी नाकं मुरडली. तिसऱ्या बुधवारी रांग नळापर्यंत गेली.

सहा आठवडे भरले. दवाखान्यात बायको काट्यावर चढली. सिस्टरनं आधी चपला काढायला लावल्या, मग शाल. शाल कशाला काढायची, तिचं वजन किती असणार, असं वस्ताद पुटपुटला. काट्याची सुई थरथरली आणि थांबली.

"सेहेचाळीस," सिस्टर म्हणाली. "एक किलो जास्तच आणलंत."

डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेची तारीख दिली. सिस्टरनं अर्ज पुढे ओढला. नाव झालं, वय झालं, पत्ता झाला. "नवऱ्याचा व्यवसाय?"

वस्तादानं मान वळवून भिंतीकडे बघितलं. हा प्रश्न त्याच्या चांगला ओळखीचा होता. मुलीच्या शाळेत, सोयऱ्याधायऱ्यांत, अगदी मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा बायकोचं उत्तर ठरलेलं असायचं, "कंपनीत आहेत." खोटं नव्हतं. पण इतकी वर्षं ते दरवेळी त्याच्या मनाला लागायचं, आणि त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं.

"स्वयंपाकी," बायको म्हणाली.

सिस्टर लिहायला लागली.

"थांबा, नुसतं तेवढंच नको. मुख्य स्वयंपाकी लिहा. रोज तीनशे माणसं जेवतात यांच्या हातचं. आणि घरी मी."

"मावशी, एवढं मावणार नाही हो या रकान्यात."

"मग समासात लिहा," ती म्हणाली. "पण लिहा."