चार सेंटिमीटर जास्त

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, धुलाईखाना आणि जनरेटरची खोली यांच्या मध्ये, पत्र्याची एक लांबट शेड होती. दारावरच्या पाटीवर काहीतरी भारदस्त लिहिलेलं होतं, पण ते कुणी वाचत नसे. वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे त्या शेडला ‘पायांचं दुकान’ म्हणत आणि तिथे एकतीस वर्षं कृत्रिम पाय बनवणाऱ्या माणसाला ‘पायवाले काका’. काकांना त्याचा राग नव्हता. त्यांना राग होता तो घाईचा. माप घाईत घेतलं की पाय जन्मभर शिव्या घालतो, असं ते ज्याला त्याला सुनवत. माप तीनदा घ्यायचं, निळ्या पेन्सिलीनं कार्डावर लिहायचं आणि नळी कापण्याआधी आकडा मोठ्यानं वाचायचा, हा नियम त्यांनीच घालून दिला होता. शेडमध्ये एकटे असले तरी ते आकडा खणखणीत वाचत. धुलाईखान्यातल्या बायका म्हणत, “काका पाढे म्हणायला लागले, म्हणजे नऊ वाजले.”

इतक्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांतच टेप बसली होती. बायकोचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर आखूड आहे, हे त्यांना लग्नाच्या दिवशीच कळलं होतं आणि शहाण्या माणसानं त्याच दिवशी ते बोलूनही दाखवलं होतं. बायकोनं त्याबद्दल त्यांना अजून माफ केलेलं नव्हतं. मुलगा मात्र दोन्ही घराण्यांत कुणी नव्हता एवढा उंच निघाला. गुडघ्यापासून टाचेपर्यंत अठ्ठेचाळीस, पाऊल अठ्ठावीस नंबरचं. त्याला घरीदारी सगळे लंबूच म्हणत. लंबू आता सैन्यात होता आणि लढाईला पाचवा महिना लागला होता.

लढाई सुरू झाली त्या दिवशी काकांनी टीव्हीसमोर टाळी वाजवली होती. नाकबूल करण्यात अर्थ नाही, बायको साक्षीला होती. सीमेजवळच्या एका शाळेवर पलीकडून तोफेचा गोळा पडला होता. वर्गातल्या बाकांचे तुकडे पडद्यावर तासन् तास दाखवत होते आणि काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. लंबूला फोन लावून ते म्हणाले होते, “सोडू नका त्यांना!” लंबू “हो, बाबा” म्हणाला होता. पुढच्या आठवड्यात त्याची तुकडी पुढे गेली.

तेव्हापासून रोज सकाळी शेडबाहेरच्या बाकावर पोरं बसलेली असत. पूर्वी तिथे मधुमेहानं पाय गमावलेली वयस्क माणसं असायची, एखादा अपघातातला ड्रायव्हर असायचा. आता सगळी विशी-पंचविशीतली, जखम भरते न भरते तोच पाठवलेली. लढाई चूक म्हणावी तर ती शाळा डोळ्यांपुढे यायची, बरोबर म्हणावी तर तो बाक दिसायचा. कोपऱ्यावरचा औषधवाला संध्याकाळी काकांना अडवून आपल्या फौजेनं कसं चोख उत्तर दिलं ते रंगवून सांगायचा. काका मान डोलवत उभे राहायचे. त्याच्याशी कडाडून भांडावं असं त्यांना वाटे, पण भांडायला तोंड नव्हतं. पाच महिन्यांपूर्वी हेच सगळं ते स्वतः बोलत होते.

घरी आल्यावर बायको दारातच विचारायची, “आज किती आले?”

“दोन,” काका म्हणायचे. आलेले असायचे सहा नाहीतर सात.

रविवारी दुपारी लंबूचा तीन मिनिटांचा फोन यायचा. “बाबा, काम कसं चाललंय?” “मंदी आहे रे,” काका ठोकून द्यायचे. थापा मारण्यात बापलेक एकमेकांना हार जाणारे नव्हते. लंबूच्या सांगण्याप्रमाणे तिकडे जेवण फर्मास होतं, झोप भरपूर होती आणि करायला काही काम नव्हतं. आई फोन हातात घ्यायची तेव्हा तो सगळ्यात जास्त हसायचा.

मग एका रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. बायकोनं छावणीच्या नंबरावर तीन तास खटपट केली. शेवटी कुणीतरी फोन उचलला आणि त्या भागातले फोन बंद आहेत, याहून जास्त सांगता येणार नाही, असं म्हणून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एका पोराच्या पायावर साच्यासाठी ओलं प्लास्टर गुंडाळत होते. हात आपलं काम करत होते आणि मनात आलं, इथे या स्टुलावर लंबू येऊन बसला तर? त्यांना धक्का बसायला हवा होता. त्यांना हायसं वाटलं. गुडघ्याखाली जावा. गुडघा शाबूत असला की काही अडत नाही, तीन महिन्यांत माणूस जिना चढतो. घरी राहील, आईच्या डोळ्यांसमोर राहील. आणि डावा जावा, उजव्यानं तो फुटबॉल खेळतो. इथपर्यंत आल्यावर काका भानावर आले. आपण पोटच्या पोराचा पाय तोडायला निघालो आणि कुठला तोडायचा तेही ठरवून मोकळे झालो! त्यांना स्वतःची शिसारी आली. पण शिसारी आली म्हणून मागणं काही थांबेना. पुढचे दोन दिवस जाता-येता, जेवताना, बसमध्ये ते मनातल्या मनात तेच घोकत राहिले, की एवढा घे आणि बाकीचा परत दे.

बुधवारी बेकरीवाल्याचा पाय जोडायचा होता. हा चोवीस वर्षांचा, बुटका, वाटोळ्या चेहऱ्याचा जवान. सैन्यात यायच्या आधी मामाच्या बेकरीत पाव भाजायचा, म्हणून वॉर्डात त्याचं हेच नाव पडलं होतं. त्याचा डावा पाय सुरुंगात गेला होता. शनिवारी त्याला घरी सोडणार होते. काकांनी कार्ड समोर धरलं, आकडा मोठ्यानं वाचला, नळी कापली, खाली रबरी पाऊल बसवलं आणि तयार पाय घेऊन ते त्याच्यापुढे आले.

पहिल्यांदा बूटच चढेना. बेकरीवाल्यानं दोनदा जोर लावून पाहिला.

“काका, यात खमीर जास्त पडलं वाटतं,” तो म्हणाला. “फुगलंय.”

बुटाविनाच काकांनी त्याला चालायच्या सरावाच्या दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं. त्याची डावी कंबर वर गेली आणि तो उजवीकडे कलला. “एक बरं झालं, वरच्या फळीवरचे ट्रे आता हाताला येतील,” म्हणत तो हसला. मग त्याचं काकांच्या तोंडाकडे लक्ष गेलं.

काकांनी कार्ड पाहिलं. चव्वेचाळीस, त्यांच्याच अक्षरात. त्यांनी पायाला टेप लावली. अठ्ठेचाळीस. पाऊल पंचवीस नंबरचं हवं होतं, त्यांनी अठ्ठावीसचं लावलं होतं. कार्डावरचं चव्वेचाळीस डोळ्यांनी बघून त्यांनी तोंडानं अठ्ठेचाळीस वाचलं होतं आणि हातांनी तोंडाचं ऐकलं होतं. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते स्टुलावर बसले.

“कुणाचा आहे हा?” बेकरीवाल्यानं विचारलं.

“माझ्या मुलाच्या मापाचा झालाय.”

“त्याचाही गेला?”

“नाही. दोन्ही आहेत. म्हणजे, असतील. तिकडेच आहे तो. दोन रविवार फोन नाही.”

“मग?”

काकांनी सांगून टाकलं. घरी बायकोला जे सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी एका परक्या पोराला, आणि तेही कुठल्या पोराला, भडाभडा सांगितलं. गुडघ्याखाली, डावा, फुटबॉल, सगळं. बेकरीवाला दांडे धरून ऐकत होता.

“काका, कुठे दार आपटलं की मी पलंगाखाली जातो,” तो म्हणाला. “एका पायानं जातो, विचारा सिस्टरला. काल तिनं जेवणाचं ताट बाजूला ठेवून मला बाहेर ओढला. तुम्हाला काय वाटतं, पाय दिला की माणूस सुटतो?”

काका हातातली टेप गुंडाळू लागले.

“माझी आई भेटायला आली तेव्हा म्हणाली, पायावर निभावलं. खोटं काय आहे त्यात? माझ्या पुढे दोघं चालत होते, त्यांचं कशावरच निभावलं नाही. पण माझ्या अगदी ओठावर आलं होतं, आई, तू असं मागितलं होतंस का गं? मग नाही विचारलं. हो म्हणाली असती तर?” त्यानं दांड्यावरचा हात बदलला. “जाऊ दे. कापा हा. मला शनिवारी घरी जायचंय.”

“दुसरी नळी घेतो,” काका घाईघाईनं उठले. त्यांनी कपाट उघडलं, खालचा कप्पा पाहिला, वरचा पाहिला. पाच महिन्यांत साठा संपत आला होता आणि नवा माल सोमवारी यायचा होता. कपाटात एकही नळी नव्हती.

त्यांनी तो पाय सोडवून पकडीत अडकवला, निळ्या पेन्सिलीनं खूण केली आणि करवत हातात घेतली. करवत पुढे जाईना. कापला तर मागणं मागे घेतल्यासारखं होणार होतं, आणि मग लंबू पूर्ण परत येईल याची हमी कोण देणार होतं? न कापता ठेवला, तर कपाटात पोराचा पाय तयार ठेवून त्याची वाट बघत बसायचं. दोन्हींतलं काहीही त्यांना जमेना. काका तसेच वाकून उभे राहिले.

“काका,” बेकरीवाला मागून म्हणाला, “आकडा वाचा ना. तुमचा नियम आहे म्हणतात.”

“चव्वेचाळीस,” काका म्हणाले. आवाज निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, “चव्वेचाळीस.” आणि त्यांनी नळी कापली.

तासाभरानं बेकरीवाला पंचवीसच्या पावलावर बूट चढवून उभा राहिला. या वेळी कंबर सरळ होती. दांड्यांच्या मधून तो सहा पावलं गेला, वळला, सहा पावलं परत आला आणि “जमलं की!” म्हणाला. काका रडत होते. तोंड फिरवायचंही त्यांना सुचलं नाही.

त्या दिवशी औषधवाल्याला त्यांनी हात हलवूनच वाटेला लावलं. घरी बायको दारात होती.

“आज किती आले?”

“सात,” काका म्हणाले.

बायकोच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. “ठाऊक आहे मला. हॉस्पिटलची गाडी आपल्याच गल्लीतून जाते, अहो. खिडकीत बसून मी दुसरं करते काय दिवसभर?”

ती स्वयंपाकघरात जाऊन भाजी निवडायला बसली. काका तिच्यासमोर बसले आणि त्यांनी सोमवारपासूनचं सगळं सांगितलं. मधे थांबले नाहीत, स्वतःची बाजूही घेतली नाही. ती आता तोंडाचा पट्टा सोडेल, “सोडू नका त्यांना म्हणणारे तुम्हीच ना” असं म्हणेल, अशी त्यांची तयारी होती. म्हणावं, असं त्यांना वाटतही होतं. ती मात्र पानं खुडत राहिली. निवडलेली पानं एकीकडे, देठ एकीकडे.

“मी हात मागत होते,” ती म्हणाली.

“काय?”

“डावा हात. पहिला फोन चुकला त्या दिवसापासून रोज मागतेय. म्हटलं, पाय असू देत त्याचे. तिथून पळता तरी येईल.”

या बाईच्या शेजारी काका रोज झोपत होते, जेवत होते, आणि दोघं मिळून एकाच पोराची वाटणी करत होते. तिला जवळ घ्यावं असं त्यांना फार वाटलं. पण तोंडातून निघालं ते एकतीस वर्षांच्या सवयीचं.

“हात आमच्याकडे होत नाहीत,” ते म्हणाले. “त्यासाठी दुसरीकडे पाठवावं लागतं, आणि चांगले बसत नाहीत.”

बायकोनं हातातली जुडी खाली ठेवली.

“मग पायच मागू या,” ती म्हणाली.