माझ्या हातावरचा अर्धा मैल

मित्रांनो, तीन रस्ते जिथे एकमेकांना भेटतात तिथे गवतात एक म्हातारा खांब उभा आहे. तोच मी. इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या टेकड्यांतल्या अरुंद रस्त्यांवर माझा मुक्काम आहे. इथे दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच कुंपणझुडपं आहेत, त्यामुळे वळणापलीकडचं काही म्हणता काही दिसत नाही. कुठला रस्ता कुठे जातो आणि किती मैल, हे सांगायला इथे मी एकटाच आहे.

मी लोखंडाच्या एका ओतशाळेत जन्मलो. मला तीन हात आहेत. त्यांवरचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक आकडा वेगळा ओतलेला आहे आणि स्क्रूने बसवलेला आहे. मला मोठा अभिमान होता हो त्याचा! लढाईच्या दिवसांत शत्रूला वाट सापडू नये म्हणून मला उपटून एका शेतकऱ्याच्या गोठ्यात टाकलं होतं. लढाई संपल्यावर पुन्हा उभं केलं. तेव्हापासून दुधाच्या गाड्या, मेंढ्यांचे कळप आणि रविवारी सायकलवाले, असा माझा संसार चालला. सायकलवाले मला विशेष आवडत. ते माझ्याखाली थांबत, थर्मासमधला चहा पीत, आणि ‘काय बाबा, अजून उभा आहेस का?’ असं विचारत. पण रंग द्यायला येणारी सरकारी माणसं हळूहळू यायची बंद झाली. माझ्यावर शेवाळ चढलं, स्क्रू गंजले.

या सायकलवाल्यांच्या मंडळाची दर मार्चमध्ये दोनशे किलोमीटरची फेरी असते. ती शर्यत नव्हे, वेळेत पुरी करायची एवढंच. प्रत्येकाजवळ एक कार्ड असतं आणि ठरलेल्या हॉटेलांत त्यावर शिक्का मारून घ्यायचा असतो. माझ्याजवळ हॉटेल नाही, शिक्का मारायला माणूस नाही, म्हणून कार्डावर माझ्याबद्दल एक प्रश्न छापलेला असतो: ‘तिठ्यावरच्या खांबानुसार ऑल्डरकोट किती मैल?’ उत्तर लिहिलं की तुम्ही इथून गेलात, दरीतल्या जवळच्या रस्त्याने पळ काढला नाहीत, हे सिद्ध झालं. फेरीची सगळी व्यवस्था डेस्मंड बेब नावाचे निवृत्त मास्तर बघतात. अकरा वर्षं त्यांचा तोच प्रश्न आणि तेच उत्तर होतं, साडेचार.

मग एका वर्षी जानेवारीत मोठं वादळ झालं. माझ्या हातावरच्या चाराच्या आकड्यापुढचा अर्ध्याचा तुकडा सुटला आणि खाली गवतात पडला. कुणाला पत्ता लागला नाही. मला लागला, पण मला कुठे तोंड आहे?

फेरीच्या दिवशी पाऊस आडवा झोडपत होता. सायकलवाले माना खाली घालून माझ्यासमोरून सुसाट गेले. एकही थांबला नाही. दोन मैलांवर चहाचं हॉटेल आहे. तिथे गरम बीन्स आणि टोस्ट खाता खाता एकाने आठवणीतून ‘साडेचार’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी लिहायचं, अशी त्यांची जुनी खोड होती.

सगळ्यांच्या मागून थेल्मा ट्रँटर आली. वय एकाहत्तर. तिची ही तिसावी फेरी होती. ती सायकलवरून उतरली, चष्मा पुसला आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा चष्मा पुसला.

“चार? अरेच्चा! मी ऑल्डरकोटचीच ना, साडेचार मैल आहे की!” ती माझ्याशीच बोलत होती. “जाऊ दे बाबा. विचारलंय तुझ्यावर काय लिहिलंय ते. तू चार म्हणतोस, तर चार.”

आणि तिने पेन्सिलीने ‘चार’ लिहिलं.

पुढचं मला पुढच्या रविवारी कळलं. दोघे सायकलवाले मला पाठ टेकून केळी खात होते.

“थेल्माचं कार्ड बाद केलं रे डेस्मंडने. सगळ्यांसमोर म्हणाला, अडतीस जणांनी साडेचार लिहिलं आणि तू एकटीच चार? स्वतःच्या गावाचं अंतर येत नाही तुला? दरीतून आलीस, कबूल कर!”

“ती काय म्हणाली?”

“खांबावर चारच आहे म्हणाली. मग कार्ड तिथेच ठेवून निघून गेली. तिच्या बहिणीचं, आयव्हीचं, माहीत आहे ना? शेवटी शेवटी किटली म्हणजे काय हेही आठवत नव्हतं बिचारीला. हिलाही आता तीच भीती बसलीय.”

“आपण जाऊन बघायला हवं होतं, नाही?”

“गप रे! आपण तरी कुठे थांबलो होतो? उगाच आपलीही कार्डं जायची.”

मित्रांनो, चाराचा तो आकडा त्यांच्या डोक्यावर जेमतेम हातभर अंतरावर होता. दोघांपैकी एकाने मान वर केली असती तर! साली टाकून दोघे निघून गेले. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

एप्रिलमध्ये रॉय गिटिन्स आला. हा पूर्वीचा पोस्टमन, गावातले जुने खांब हौसेने दुरुस्त करतो. त्याने माझं शेवाळ खरवडलं, पांढरा रंग दिला, अक्षरं काळी केली. गवतात त्याला तो तुकडा सापडला. “सापडलास लेका!” म्हणत त्याने नवा स्क्रू लावून तो जागेवर बसवला. लोक गाड्या थांबवून माझे फोटो काढू लागले. किती सुंदर, किती सुंदर, असं कौतुक चाललं होतं. माझ्या अंगावर मात्र काटा आला होता. थेल्माचा एकमेव साक्षीदार मी, आणि मीच फिरलो होतो.

मे महिन्यात ती आली. इतके दिवस तिने हा तिठा टाळला होता. सायकल कुंपणाला टेकवून तिने वर बघितलं. चार आणि त्यापुढे अर्धा, ठसठशीत, नवाकोरा. तिने बोटाने हवेत तो आकडा गिरवला.

“म्हणजे माझंच डोकं,” ती हळूच म्हणाली. “आयव्हीसारखंच.”

ती सायकलवर बसली नाही. हातात धरून चालत गेली. मला ओरडावंसं वाटलं. लोखंडाला रडता येत नाही म्हणतात, ते खोटं आहे. पुढच्या आठवड्यात तिने सायकल विकून टाकली.

सप्टेंबरात डेस्मंड पुढच्या फेरीचा रस्ता बघायला आले. रॉय माझ्याभोवतीचं गवत कापत होता.

“छान केलंस रे याला,” डेस्मंड म्हणाले.

“अहो, हा अर्धा एप्रिलमध्ये गवतात सापडला मला. जानेवारीच्या वादळात पडला असणार, पार गंजला होता.”

डेस्मंडच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. “मार्चमध्ये इथे... चार होतं?”

“नुसतं चार. का हो?”

“अडतीस जणांनी बघितलंच नाही, त्यांना मी शिक्के दिले. एकीने बघितलं, आणि तिला मी चोर ठरवलं.”

दुसऱ्या दिवशी ते थेल्माला गाडीतून घेऊन आले. रॉयही होता. त्याने सगळं पुन्हा सांगितलं, नवा स्क्रू दाखवला. डेस्मंडनी शिक्का मारलेलं कार्ड पुढे केलं.

“चुकलं माझं, थेल्मा. मी खुर्चीतून उठलोच नाही.”

तिने कार्ड घेतलं नाही. तिने मान वर करून माझ्या हाताकडे बघितलं.

“कार्ड ठेव तुझ्याजवळ,” ती म्हणाली. “सगळा उन्हाळा मी रोज तीनतीनदा उठून गॅस बंद केलाय का ते बघितलं, डेस्मंड. सकाळी उठले की आधी स्वतःचं नाव म्हणून बघायचे. माझी सायकल गेली. ती तू परत देशील रे, पण हा उन्हाळा कसा देशील?”

डेस्मंडनी गाडीचं दार उघडलं. “चल, घरी सोडतो.”

“नको. साडेचार मैल आहे. मला माझ्या घरची वाट माहीत आहे.”

आणि ती निघाली, ताठ मानेने. डेस्मंडनी गाडी तिथेच सोडली आणि तिच्या दहा पावलं मागून मान खाली घालून चालू लागले. ती मागे वळून बघत नव्हती.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना वर्षातून एकदा रंग द्या, स्क्रू आवळा, शेवाळ काढा. पण एखाद्याला खोटं ठरवण्याआधी एवढं करा: उठा, स्वतः जा आणि मान वर करून बघा. मला चालत तुमच्यापर्यंत येता येत नाही, तुम्हालाच यावं लागतं.