पालथ्या चित्राखालची चाळणी

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. माझ्यात जाळी नाही हे आधीच सांगते, म्हणजे मागाहून कुणी तोंड दाबून हसायला नको.

सुताराने मुरलेल्या लाकडाच्या चार पट्ट्या जोडून मला चौकोनी घडवलं आणि मी एका बेकरीत कामाला लागले. तिथली मालकीण मोठी कडक. मला एका हाताने धरायची आणि दुसऱ्या तळव्याने कडेवर थाप मारायची. थप, थप, थप. पीठ असं झरायचं की बघत राहावं. माझ्यावाचून तिचा पाव फुगत नाही, असं ती चारचौघांत सांगायची. मी कशाला नाही म्हणू?

पुढे माझी जाळी फाटली आणि बेकरीत यंत्र आलं. मग मी गेले माळ्यावर. तिथे एका कोळ्याने माझ्यात संसार थाटला, मला विचारलंसुद्धा नाही.

माळ्याखालच्या खोलीत मालकिणीची सून जुनी चित्रं दुरुस्त करते. एकदा तिने सासूचंच चित्र कामाला घेतलं. मालकीण सात वर्षांची असताना तिच्या वडिलांनी ते रंगीत खडूंनी काढलं होतं. वडिलांच्या हातचं तेवढंच उरलेलं. कागद कडेपासून फाटत चालला होता आणि फाट डोळ्याजवळ येऊन ठेपली होती. त्यात खडूचा रंग म्हणजे कागदावर नुसती टेकलेली भुकटी. बोट लागलं की गेली. म्हणून सुनेने चित्र एका फळीवर उताणं ठेवलं आणि घरात ताकीद दिली, इथे शिंकायचंसुद्धा नाही.

ती हात धुवायला गेली आणि सासूबाईंना चित्रावर धूळ दिसली. पन्नास वर्षांची सवय ती. त्यांनी फळी उचलून कलती केली आणि कडेवर थाप मारली. एकच. गालावरचा गुलाबी रंग टेबलावर येऊन पडला.

त्या घरात बोलायचं ते सासूने आणि ऐकायचं ते इतरांनी. त्या दिवशी उलटं झालं.

"आई, ते पीठ नव्हतं," सून एवढंच म्हणाली. सासूबाईंनी फळी हळूच होती तिथे ठेवली.

फाट पाठीमागून जोडायची, म्हणजे चित्र पालथं करणं आलं. पण टेबलावर पालथं ठेवलं तर उरलासुरला चेहराही पुसला जाणार. सून डोकं धरून बसली. सासूबाई मुकाट्याने स्टुलावर चढल्या आणि कोळ्याला हाकलून त्यांनी मला खाली ओढलं.

"ही घे. हिच्या मधे पोकळी आहे. कडेचा कोरा कागद हिच्या काठावर टेकेल, तोंडाला काही लागणार नाही."

सुनेने मला घासून, वाळवून माझ्या काठांवर स्वच्छ कागद चिकटवला. खाली फळी, फळीवर चित्र, चित्रावर मी. आता तिघांना एकदम उलटायचं होतं, तेही हिसका न देता. सुनेने एकटीनेच दोन्ही कडा धरल्या.

"सरक, पलीकडून धर. जन्मभर पावाचे ट्रे उलटलेत मी," सासूबाई म्हणाल्या. "श्वास रोख आणि माझ्याबरोबर फिरव."

फिरवलं. फळी काढली. मित्रांनो, जन्मभर मी कण खाली पाडले, पण त्या दिवशी एकही पडू दिला नाही. माझ्या पोकळीवर सात वर्षांची पोरगी पालथी पडून मजेत विसावली होती.

सुनेने पातळ कागदाची पट्टी लावली, ती गव्हाच्या पिठाच्या खळीने. वासावरूनच मी ओळखलं, अगबाई, हे तर माहेरचं.

वाळल्यावर चित्र तसंच हलक्या हाताने उताणं केलं. डोळा शाबूत होता. गाल मात्र फिकाच राहिला. सून म्हणाली, थोडा गुलाबी रंग भरून बघू का?

"नको. वडिलांच्या रंगात आपला हात नको," सासूबाई म्हणाल्या. मग चित्र निरखून हसल्या. "आणि लहानपणी माझ्या गालाला पीठच लागलेलं असायचं."

दोघी इतक्या हसल्या की सुनेला चित्रावर घाईघाईने काच धरावी लागली.

आता मी माळ्यावर नसते. सुनेच्या टेबलाशेजारी खुंटीवर मानाने लटकते. तेव्हा मित्रांनो, एखादी वस्तू फाटली, तुटली, तर आधी तिच्यात काय उरलंय ते बघा, मग फेका. खडूचं चित्र दिसलं तर हात पाठीमागे बांधून डोळ्यांनी पाहा. आणि थाप मारल्यावाचून राहवतच नसेल, तर माझ्याकडे या. मला सवय आहे.