शेपटीवरून ओळख

औषधांची नावं पाठ करायची म्हटलं की फार्मसी शिकणाऱ्या लेकीच्या तोंडचं पाणी पळायचं. मग तिला युक्ती सापडली. अख्खं नाव गिळायचं नाही, त्याची शेपटी धरायची. शेवटी 'स्टॅटिन' आलं की कोलेस्टेरॉल, 'प्राझोल' आलं की ॲसिडिटी, 'प्रिल' आलं की रक्तदाब. बाबा शिंपी. शिवणयंत्रावर पुस्तक ठेवून, अक्षरं जुळवत तिला विचारायचे आणि मधेच खोकायचे.

"सांग, रॅमिप्रिल."

"रक्तदाब. त्रास झालाच तर कोरडा खोकला. पुढचं विचारा ना."

बाबा खोकले आणि त्यांनी पुढचं विचारलं. इतकं समोर होतं, तरी दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. घरात त्यांच्या गोळीचं नाव 'बाबांची बीपीची' एवढंच. पाकिटावर कंपनीने ठेवलेलं नाव हे एवढं मोठं. खालची मुंगीएवढी अक्षरं वाचतो कोण? पैकीच्या पैकी मिळवायला निघालेल्या बाईसाहेबांना तर अजिबात सवड नव्हती.

"कापडाच्या धुळीचा असेल," म्हणून बाबांनी खोकला डॉक्टरांच्या कानावरही घातला नाही. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून आधी तिच्या खोलीचं दार लागलं, मग यंत्रासकट बाबाच मागच्या खोलीत गेले. पदवी घ्यायच्या दिवशी ती म्हणाली, "आज तरी खोकू नका हं, बाबा. सगळे बघतात."

त्या दिवसासाठी त्यांनी स्वतःला नवा शर्ट शिवला होता. तिचं नाव पुकारलं तेव्हा ते सभागृहाबाहेर पाण्याच्या नळापाशी उभे होते. टाळ्या मात्र छान ऐकू आल्या, म्हणाले.

तिला औषधांच्या दुकानात नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. एका बाईंनी काउंटरवर रिकामं पाकीट ठेवलं.

"हेच औषध दुसऱ्या कंपनीचं मिळेल का?"

तिने बारीक अक्षरं वाचली. शेवटी 'प्रिल'. आणि पाकीट बाबांच्या उशाशी असायचं तेच. बाईंना गोळ्या देऊन ती खोक्यांच्या आड गेली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली.

डॉक्टरांनी गोळी बदलली आणि हळूहळू खोकला गेला तो गेलाच. तिने माफी मागितली, तर बाबांनी ती हसण्यावारी नेली. "अगं, गिळत मी होतो. मला तरी कुठे दिसली शेपटी?"

त्यांच्या हसण्याने तिला जास्तच लागलं. मग एकदा तिने हट्टाने त्यांना दुकान बघायला बोलावलं. ते आले आणि काचेच्या दाराबाहेरच थांबले. तिने हाताने बोलावलं, मग दार उघडून बाहेर आली.

"आत या ना, बाबा."

"नको गं. गिऱ्हाइकं आहेत आत." तिच्यामागे दार उघडं राहिलेलं बघून त्यांनी ते हलकेच लावून घेतलं. "तू जा, तुझं काम कर. इथून दिसतेस की चांगली."