हेडसर केंद्रक झाले तेव्हा

“सर, अणूचं केंद्रक पेरूसारखं असतं म्हणताय, तर त्याचा देठ कुठल्या बाजूला?”

माझ्या वर्गातल्या प्रियदर्शनी आणि कंपनीनं पैज लावली होती. “शांभे, इचारलंस तर मानलं तुला!” म्हणून मी विचारलं. घरी वडिलांना मात्र ‘आप्पा, दहावीनंतर मला कॉमर्स नको’ एवढंसुद्धा दोन महिने तोंडातून निघत नव्हतं.

शाळेचा हॉल हसला. व्याख्यानाला आलेले पाहुणे शास्त्रज्ञ खुर्चीतून उडाले. “अगं, हाच तर प्रश्न! रेडियमचं केंद्रक एका बाजूला जास्त फुगीर. ते विजेच्या क्षेत्रात गिरकी घेतं. मग क्षेत्र उलटं करायचं. गिरकी केसभर जरी बदलली, तर विश्वाच्या सुरुवातीला द्रव्याइतकंच असलेलं प्रतिद्रव्य गेलं कुठं आणि आपणच कसे उरलो, याचा धागा मिळेल!”

कुणालाही कळलं नाही. तेव्हा त्यांनी हेडसरांना फिरत्या खुर्चीत बसवलं, हातात पेरू दिला आणि केंद्रक करून टाकलं. डावीकडं कृष्णातसर ‘अधिक’, उजवीकडं शालूबाई ‘उणे’. एक ढकल, दहा फेऱ्या. दोघांनी जागा बदलल्या. तेवढीच ढकल, अकरा!

“घावलं!” कृष्णातसर ओरडले. पेढ्याला माणूस पळाला. फळ्यावर कुणीतरी लिहिलं, ‘विश्वाचं कोडं सुटलं, दहावी ब.’

“मला उतरवा,” केंद्रक म्हणालं.

मी उठले. आमचं कागलात वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. आप्पा एका वजनावर कधीच विश्वास ठेवत नाहीत. पारडी बदलायची, परत बदलायची, मगच तोंड उघडायचं.

“परत बदला,” मी म्हटलं. “आणि कृष्णातसर, आता खुर्चीला पाय लावायचा न्हाई.”

सरांनी पाय मागं घेतला. दहा. पुन्हा बदलले. दहा. पेढेवाल्याला ‘थांब’ म्हणून फोन गेला.

“आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो,” शास्त्रज्ञ म्हणाले. “आधी स्वतःचाच पाय शोधायचा. तुला कुणी शिकवलं?”

“आप्पांनी.”

संध्याकाळी दुकानात हे सगळं एका दमात सांगितलं. आप्पांच्या हातातलं वजन हातातच राहिलं.

“एवढा बारीक काटा? त्याला तपासणीचा सरकारी शिक्का कोण मारतं?”

“हेडसर बरं हायत न्हवं?” आई मधेच.

“लिंबूसरबत घेऊन झोपलेत. आप्पा, मी सायन्स घेणार. आणि इचारत न्हाई, सांगाय लागलोय.”