चार माथ्यांची वाट

गुरुवारी दुपारी अलोइस बेन्यो अंगणात बसून रंगाचे ब्रश धूत होता, तेव्हा फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशी उलटलेली, अंगानं जाड, पायात कोरे करकरीत डोंगरी बूट. बूट चावत असावेत. ती एका पायावरचा भार सारखा दुसऱ्यावर टाकत होती.

"बेन्योसाहेब तुम्हीच ना? शहरातल्या डोंगर मंडळानं तुमचं नाव दिलं. म्हणाले, डोंगरधारेवरचा दगडन्‌दगड तुमच्या ओळखीचा आहे."

"साहेब कसला, बाई. वाटेवरच्या खुणा रंगवणारा माणूस मी. या आत."

स्लोव्हाकियातल्या माला फात्रा डोंगरांच्या पायथ्याशी त्याचं हे घर. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एकतीस वर्षं तो दर उन्हाळ्यात रंगाचा डबा घेऊन वर जायचा आणि झाडांवर, दगडांवर पांढरे-तांबडे पट्टे ओढायचा. वाट विचारायला लोक येत, त्यात नवं काही नव्हतं. त्यानं चहा टाकला आणि टेबलावर नकाशा पसरला.

"मला चार माथे करायचेत, एका दिवसात," बाई म्हणाली. "थोरला क्रिवान, पेकेल्निक, धाकटा क्रिवान आणि कोरडा माथा. पुस्तकात लिहिलंय, मध्यम अवघड."

"ज्याचे पाय तयार आहेत त्याला मध्यम. आधी कधी चढलायत?"

"शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं उभी आहे. दिवसभर उभं राहायची सवय आहे."

अलोइस हसला. त्यानं पेन्सिल घेतली आणि एका कोऱ्या कागदावर वाट आखून वेळा लिहायला लागला. सकाळच्या पहिल्या रोपवेच्या पाळण्यानं वर जायचं. पाणी तीन लिटर, धारेवर झरा नाही. ब्रेड, डुकराची खारवलेली चरबी, कांदा. थोरल्या क्रिवानवर पाऊण तासात. तिथून पेकेल्निक अर्धा तास.

"एकट्याच जाणार?"

"नणंद येतेय. रविवारी जायचंय." ती नकाशाकडे बघत म्हणाली, "माझा मुलगा गेल्या वर्षी जूनमध्ये धाकट्या क्रिवानखाली गेला. वीज पडली. तिमोतेई कुबाला. तो ज्या वाटेनं गेला, ती मला चालायचीय."

अलोइसची पेन्सिल जागच्या जागी थांबली. नाव त्यानं पेपरात वाचलं होतं. तो उठला, चहा गाळून कपात ओतला. परत येऊन बसला आणि पेकेल्निकच्या पुढच्या खिंडीतून खाली दरीत उतरणारी एक रेघ त्यानं ओढली.

"इथून उतरा. इथून तासा-दीड तासात बस मिळते. गुडघ्यांना बरं."

"हे दोनच माथे झाले."

"पुढची वाट तुमच्यासाठी नाही, बाई."

"तुम्ही ठरवू नका." तिचा आवाज चढला नाही. तिनं पर्समधून फोन काढला. "हा त्याचा शेवटचा फोटो. याच खिंडीतला. बघा, मागे कोणीतरी खांबाशी वाकलंय, हातात डबा आहे. मंडळातली माणसं म्हणाली, खुणा रंगवणाऱ्यांना तुम्ही ओळखत असाल. कोण हा?"

पोरगा हसत होता, वारा लागून केस उडालेले. त्याच्या खांद्यामागे राखाडी टोपी, निळा सदरा, वाकलेली पाठ. स्वतःची पाठ माणूस कधी बघत नाही. पण अलोइसनं ती लगेच ओळखली.

"मी."

चुलीवरची किटली अजून थोडी वाजत होती.

"त्याच्याशी बोललात?"

"त्यानं विचारलं, आभाळ भरतंय, पुढे जाऊ की इथून उतरू. मी म्हणालो, जा, दोन तास काही होत नाही. मध्यम वाट आहे."

"वर बघितलंत?"

अलोइसनं नकारार्थी मान हलवली. "रंग ओघळत होता. पट्टा बिघडला असता. मी मान वर न करताच बोललो." मग तो म्हणाला, "चाळीस मिनिटांत कडाडलं. मी या बाजूनं खाली उतरत होतो. नंतर बस थांब्यावर उभा होतो. बचाव पथकाची गाडी समोरून गेली."

"तुम्ही सांगितलंत कुणाला?"

"नाही."

"वर्ष झालं."

"चौदा महिने."

तिनं फोनवर मुलाचा चेहरा बोटांनी मोठा केला. मग विचारलं, "तो घाबरला होता का?"

"नाही. सुकी जर्दाळू खात होता. मला एक दिलं."

"खाल्लंत?"

"हो."

यावर तिनं तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. रडली नाही. अलोइसला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. निदान काहीतरी करता आलं असतं, रुमाल तरी देता आला असता.

"मी येतो तुमच्याबरोबर," तो म्हणाला. "पुढे चालेन. बोलणार नाही."

"तुम्ही नको." तिनं कागद त्याच्यापुढे सरकवला. "ही रेघ खोडा आणि पुढचं लिहा. चारही माथे."

त्यानं रेघ खोडली. धाकटा क्रिवान, सव्वा तास. कोरडा माथा, पावणेदोन तास. खाली स्टेशनापर्यंत अडीच. आभाळ भरलं तर कुठून उतरायचं, तेही लिहिलं. तिनं कागदाची घडी घातली, चहाला हात न लावता उठली आणि लंगडत बस थांब्याकडे गेली.

रविवारी पहाटेपासून अलोइस अंगणात होता. आभाळ दिवसभर निरभ्र राहिलं. तरीही दर अर्ध्या तासानं त्यानं पश्चिमेकडे बघितलं. संध्याकाळी सातला फोन वाजला.

"कुबाला बोलतेय. उतरलो आम्ही."

"पाय कसे—"

"धाकट्या क्रिवानला सव्वा तास नाही लागत. आम्हाला दोन तास दहा मिनिटं लागली. पुढच्या माणसाला सांगताना नीट सांगा." फोन बंद झाला.

सोमवारी त्यानं धुतलेला सदरा घातला आणि तालुक्याच्या गावी बचाव पथकाच्या कार्यालयात गेला. तिथल्या तरुणानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, ते प्रकरण कधीच बंद झालं. वीज पडली. त्यात दोष कुणाचा?"

"तरी लिहून घ्या."

"कशावर लिहू? रकानाच नाही त्याला. घरी जा, काका. ऊन आहे."

अलोइस थोडा वेळ काउंटरशी उभा राहिला. मागे एक जर्मन जोडपं वाट विचारायला आलं होतं, त्यांना जागा करून देऊन तो बाहेर पडला.